खोटं मराठीत, खरं पीडीएफमध्ये

फसवणारा माणूस आपल्याशी आपल्या भाषेत बोलतो. दादा म्हणतो, ताई म्हणतो. मुलांच्या शिक्षणाचा, आईवडिलांच्या आजारपणाचा, गावाकडच्या अर्धवट राहिलेल्या घराचा विषय काढतो आणि मग टक्केवारी सांगतो. बोलण्यात कुठे अडखळणं नाही, एकही अट नाही. त्याला खोटं पाडणारा कागद मात्र कुठल्या तरी सरकारी संकेतस्थळाच्या तळघरात, इंग्रजीत, लांबलचक पीडीएफमध्ये पडून असतो. पैशाबद्दल इंटरनेटवर विश्वासार्ह माहितीच मिळत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. माहिती भरपूर आहे, फुकट आहे. ती आपल्या माणसांपर्यंत पोहोचत नाही, आणि ज्यांच्या गाठीला सर्वांत कमी पैसे आहेत तेच तिच्या न पोहोचण्याची किंमत मोजतात. याची मला चीड येते.

जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस या कंपनीच्या शोरूमसमोर पैसे अडकलेल्यांची जी गर्दी जमली, तिच्यात भाजीविक्रेते होते, छोटे दुकानदार होते, पगारदार होते. खडे विकत घ्या आणि दर आठवड्याला परतावा घ्या, अशी ती योजना. आठवड्याला नुसते २ टक्के धरले, तरी वर्षाचे १०४ होतात. बँकेची मुदत ठेव तेव्हा वर्षाला ७ टक्क्यांच्या आसपास देत होती. एवढा गुणाकार पाचवीतल्या पोरालाही येतो, लोकांना अक्कल नको का, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ भेटले. त्यांनी जरा थांबावं. सुरुवातीला पैसे खरोखर मिळत होते, शेजारच्या गाळेवाल्याला मिळताना डोळ्यांनी दिसत होते. हातात पडलेल्या नोटेपुढे तोंडी गुणाकार टिकत नाही. तिथे उपयोगी पडला असता तो वेगळा प्रश्न: लोकांकडून असे पैसे गोळा करायची परवानगी या कंपनीला दिली कुणी? हे तपासण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं पोर्टल २०१६ पासून चालू आहे. ठेवी घ्यायची मुभा कुणाला आहे ते तिथे पाहता येतं, संशय आला तर तक्रारही करता येते. तुमच्या ओळखीतल्या किती जणांनी ‘सचेत’ हे नाव ऐकलंय, विचारून बघा.

शेअर बाजाराचं तर विचारूच नका. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सामान्य माणसाचं काय होतं, याचा हिशेब बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये छापून ठेवला आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत १ कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर होते, त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले. खर्चासह सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता १ लाखाहून जास्त नफा कमावणारे फक्त १ टक्का. आणि सलग तोटा खाऊनही तीन चतुर्थांशांहून जास्त लोक खेळत राहिले. या अहवालाला जेवढे मराठी वाचक मिळाले असतील, त्याच्या हजारपट लोकांनी ‘नोकरी सोडा, रोज ५ हजार कमवा’ या धर्तीचे मराठी रील्स पाहिले असतील, असं माझं मत आहे.

शिकवणाऱ्यांचं स्वतःचं गणित काय असतं, त्याचीही नोंद आहे. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने बाजाराचे क्लास चालायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने त्यावर अंतरिम आदेश काढला आणि सल्ल्याच्या धंद्यातून मिळवलेले सुमारे १७.२ कोटी रुपये रोखून धरायला सांगितलं. त्या आदेशातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ वेगळीच आहे. पडद्यावर नफ्याचे आकडे दाखवणाऱ्या या गुरूला जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये जवळपास ३ कोटींचा तोटा झाला होता. क्लासची फी हेच उत्पन्न! ऑनलाइन सल्ला देणाऱ्या प्रत्येकाबद्दल मी म्हणूनच आधी एकच गोष्ट शोधतो: याचं घर कशावर चालतं? गुंतवणुकीवर चालतं की माझ्या फीवर, की मी खातं उघडलं की ब्रोकरकडून मिळणाऱ्या कमिशनवर? व्हिडिओखालच्या ‘इथे डिमॅट उघडा’ या लिंकमध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा सापडतं.

आता ठेवींबद्दल. महाराष्ट्रात हा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि चुकीची माहिती इथे सगळ्यांत जास्त घातक ठरते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

२३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सुरुवातीचा आदेश असा होता की खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १००० रुपये काढता येतील. लोक शाखांच्या बंद शटरसमोर उभे होते, आणि त्याच आठवड्यात नऊ बँका कायमच्या बंद होणार असल्याचा मेसेज घरोघरच्या मोबाईलवर फिरत होता. रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. घाबरलेल्या माणसाचा प्रश्न साधा होता: माझ्या पैशाला विमा आहे का, आणि किती? त्या वेळी उत्तर होतं, १ लाखापर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा ५ लाख झाली. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमची खाती एकत्र धरून. तीन शाखांत तीन मुदत ठेवी ठेवल्या म्हणून १५ लाखांचं संरक्षण मिळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची तरतूद आहे.

अजूनही १ लाख सांगणारे जुने लेख पहिल्या शोधात वर येतात. चॅटबॉटला विचारलं तर तोही कधी जुनं-नवं एकत्र कालवून उत्तर देतो. पैशाच्या माहितीवर तारीख नसेल, तर ती कितीही चांगली लिहिलेली असो, मी वाचणं सोडून देतो. ठेव विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी आहे. आपल्या बँकेचं नाव तिथे पाहायला दोन मिनिटं लागतात.

आणि आता ती गोष्ट, जी मराठीत कुणी मोठ्याने सांगत नाही. पतसंस्थेला हे विमाकवच नाही. काउंटर तसाच, पासबुक तसंच, रोज दुकानात येणारा पिग्मीवाला तसाच. व्याज बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त. अध्यक्ष ओळखीचे, लग्नाला येऊन गेलेले. ‘सहकारी आहे, रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, ५ लाख सेफ आहेत’ असं सांगणारा माणूस दर वेळी खोटारडा असतो असं नाही. त्यालाही तसंच वाटत असतं. पण नागरी सहकारी बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, ठेव विमा महामंडळाच्या यादीत तिचं नाव नसतं. निवृत्तीचे सगळे पैसे पतसंस्थेत ठेवणाऱ्या माणसाला हा फरक पैसे ठेवण्याआधी कळायला हवा. सगळ्या पतसंस्था बुडतात असं मी म्हणत नाही. कित्येक उत्तम चालल्या आहेत, त्यांनी लहान माणसाला वेळेवर कर्ज दिलं आहे. धोका आहे की नाही हे माणसाने स्वतः ठरवावं, पण विमा नाही हे त्याला ठाऊक असावं. एवढंच मागणं आहे.

दुसरं क्षेत्र विम्याच्या योजनांचं. तिथे खोटं फारसं बोलावं लागत नाही, अर्धं बोलून भागतं. ‘दर वर्षी १ लाख, फक्त १० वर्षं भरा. विसाव्या वर्षाअखेर २० लाख. दुप्पट! गॅरंटीड!’ अशी जाहिरात आली असं समजा. यातला प्रत्येक आकडा खरा असू शकतो. वर्षाला किती टक्के पडले, हे मात्र कुणी सांगत नाही. ते काढायला कुणाचा क्लास लावावा लागत नाही. एक्सेल किंवा मोबाईलवरची कुठलीही स्प्रेडशीट उघडा. पहिल्या दहा ओळींत उणे १ लाख, पुढच्या दहा ओळींत शून्य, एकविसाव्या ओळीत २० लाख लिहा आणि खाली आयआरआर हे सूत्र द्या. उत्तर येतं साधारण साडेचार टक्के. तुलनेला पीपीएफ घ्या. त्याचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाला आणि नंतर तिमाहीमागून तिमाही तिथेच राहिला. तो दर तसाच धरला, तर तेच दहा लाख त्याच वीस वर्षांत साडेएकोणतीस लाखांच्या आसपास जातात. विमा योजनेत आयुर्विम्याचं संरक्षण मिळतं हे खरं, त्याची किंमत धरायलाच हवी. ती किंमत किती, हे तेवढ्याच रकमेच्या मुदत विम्याचा हप्ता पाहिला की कळतं.

हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने केलेल्या माणसाला ‘दुप्पट’ या शब्दाने कुणी भुलवू शकत नाही. पॉलिसी घेऊन बसला असाल, तरी कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांचा फ्री लूक कालावधी असतो. त्या मुदतीत पटली नाही तर परत करता येते, किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. विकणाऱ्याने हे सांगितलं नसेल, तर पॉलिसीच्या कागदात ते लिहिलेलं असतं, शोधा.

अर्थसंकल्पाच्या दिवशी तर खऱ्याचाही चुरा होतो. १ फेब्रुवारी २०२५ ला ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ही ओळ सगळीकडे फिरली. ओळ चुकीची नव्हती, अपुरी होती. ही सवलत नव्या करप्रणालीत आहे, ती रिबेटच्या रूपात आहे, आणि शेअरच्या भांडवली नफ्यासारखं विशेष दराचं उत्पन्न त्या रिबेटमध्ये बसत नाही. उलट बाजूने, ‘१२ लाख १० हजार झाले की एकदम ६१,५०० कर’ अशी भीतीही पसरली. नुसत्या स्लॅबने मोजलं तर आकडा तोच येतो. पण सीमांत सवलत लागू होते, १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न तेवढ्यापुरताच कर राहतो, म्हणजे १० हजार आणि वर उपकर. दहा हजारांची पगारवाढ नाकारावी का, असं विचारणारी माणसं मला भेटली आहेत. दोष त्यांचा नाही. सरकारचं स्पष्टीकरण उपलब्ध होतं, त्यांच्या हातात मात्र रील होतं.

कायद्याला मराठी येत नाही, असं कुणी म्हणू नये. कर्ज थकलं आणि बँकेने घराचा ताबा घेतला की ताबा नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. २००२ च्या सरफेसी नियमांतच तसं लिहिलं आहे. म्हणून मराठी दैनिकांची पानंच्या पानं ‘ताबा सूचना’ छापतात, कर्जदाराचं नाव, फ्लॅट नंबर, थकबाकी, चतुःसीमा सगळं मराठीत. घर गेल्यावर मराठी सक्तीची. घर घेताना सही केलेला करार मात्र चाळीस पानी इंग्रजी असतो आणि ‘इथे, इथे आणि इथे’ एवढंच मराठी त्या टेबलावर बोललं जातं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तसं म्हणायला मी कचरत नाही.

यात एक गोष्ट सुधारली आहे, तिचा फायदा घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मुख्य तथ्य पत्रक, म्हणजे केएफएस, सक्तीचं केलं. व्याज, शुल्क सगळं मिळून वर्षाचा खरा दर किती, हे त्यात एका आकड्यात लिहावं लागतं. आणि हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं, असं परिपत्रकातच म्हटलं आहे. मग मराठीत मागा. ‘महिना १ टक्का फ्लॅट’ म्हणून गळ्यात मारलेलं १ लाखाचं वर्षभराचं कर्ज घटत्या शिल्लकीवर मोजलं की साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातं. तो आकडा मराठी कागदावर समोर आला, तर किती सह्या थांबतील!

सल्लागार तपासायचा कसा, हे थोडक्यात. गुंतवणूक सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने. नुसता क्रमांक पाहून भागत नाही, कारण दुसऱ्याचा क्रमांक चोरून लावणारे आहेत. सेबीच्या यादीत नाव, पत्ता, ई-मेल जुळवून बघा. म्युच्युअल फंडाचा वितरक हा विक्रेता असतो, त्याला कमिशन मिळतं, तो नोंदणीकृत सल्लागार नव्हे. ‘आम्ही फक्त शिक्षण देतो’ म्हणणाऱ्यांसाठी सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात रेघ ओढली: मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअर दाखवायचे नाहीत. म्हणजे लाइव्ह बाजार दाखवून ‘हा घ्या, तो विका’ चाललं असेल, तर ते शिक्षण नाही. आणि चेहऱ्यावर तर आता अजिबात जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचेच बनावट व्हिडिओ गुंतवणूक योजना खपवायला वापरले जात असल्याचा इशारा त्या बँकेला नोव्हेंबर २०२४ मध्ये द्यावा लागला. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, १९३० ला लगेच फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात, रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येते.

अर्थव्यवहार मराठीत नीट सांगता येत नाही, असं कुणी म्हटलं की मी त्याला दोन गोष्टी दाखवतो. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढतं, ती मराठीत असते, फुकट असते, तक्त्यांसकट असते. पुण्याची इंडियन स्कूल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी ‘अर्थबोधपत्रिका’ मराठीत काढते. लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिलं ते एकोणिसाव्या शतकात. परंपरा आहे, शब्द आहेत, लिहिणारे आहेत. सेबीच्या वित्तीय शिक्षणाच्या पुस्तिकाही मराठीत मिळतात, पण पुस्तिका म्हणजे सर्वसाधारण उपदेश. अमुक कंपनीवर, अमुक क्लासवर, अमुक बँकेवर आज आदेश निघाला, ही ताजी खबर त्याच दिवशी मराठीत हवी. दोन पानांचा गोषवारा पुरे. दर महिन्याच्या महागाईच्या आकड्याबाबतही तेच: आकडा काय, कशामुळे हलला, आधी काय होता. अफवा मराठीत तासाभरात पोहोचते. खुलासा दुसऱ्या दिवशी इंग्रजीत येऊन काय उपयोग?

रिझर्व्ह बँक, सेबी यांसारखी दिल्ली-मुंबईची मोठी कार्यालयं ऐकतील तेव्हा ऐकतील. एक काम मात्र इथे, आपल्या गावात होण्यासारखं आहे. प्रत्येक पतसंस्थेच्या पासबुकावर आणि ठेव पावतीवर ठळक अक्षरांत एक वाक्य छापलं जावं: या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. राज्याच्या सहकार खात्याने तसा आदेश काढावा. संचालक म्हणतील, लोक घाबरतील, ठेवी जातील. ज्या संस्थेचा कारभार चोख आहे, तिने सभासदांना ताळेबंद, थकबाकी, एनपीए दाखवून त्यांचा विश्वास कमवावा. न सांगून राखलेल्या ठेवीला मी विश्वास म्हणत नाही. आणि आदेशाची वाट बघायची गरजही नाही. पतसंस्थेचे सभासद तुम्हीच आहात. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, तिची नोटीस घरी येते. ती आली की पासबुकावर हे वाक्य छापण्याचा ठराव लेखी द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.